टेस्लाची होडी आणि आमची गाडी

कॉलेजच्या मासिकात शास्त्रज्ञांच्या चरित्राचा एक लेख दरवर्षी असतोच, आणि दरवर्षी आपण ते पान उलटून पुढच्या चारोळ्या नाहीतर फिशपाँड वाचायला जातो. खोटं कशाला बोलू, मीही तेच करायचो. निकोला टेस्ला हे नाव माझ्या लेखी एक एकक होतं. वेबर पर मीटर स्क्वेअर म्हणजे टेस्ला, एक मार्क, विषय संपला. पण गेल्या पावसाळ्यात एका रिमोटच्या गाडीने मला असं काही अडकवलं की या माणसाचं अख्खं चरित्र मला दोन रात्रीत वाचून काढावं लागलं, आणि तेही परीक्षेसाठी नाही!

झालं असं. आमच्या हॉस्टेलवर फर्स्ट इयरचा एक मुलगा रिमोट कंट्रोलची गाडी घेऊन आला. बाजारात मिळतं ते खेळणं नव्हे, खरी हॉबीची गाडी. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढून घेऊन दिलेली. आपल्या चांदवड भागात कांद्याची पट्टी हातात पडेपर्यंत घरात काय काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. पोरगा गाडीला जिवापाड जपायचा. मी सिनियर म्हणून जरा दादागिरी करून रिमोट मागून घेतला. आदल्या दिवशीच पाऊस झालेला, मैदानावर डबकी साचलेली. मी ऐटीत गाडी भरधाव डबक्यातून काढली, ती दगडावर उडाली, पुढची चाकं एकदा थरथरली आणि सगळं थंड. ना मोटर, ना स्टिअरिंग, ना लाईट.

तो मुलगा एक शब्द बोलला नाही. गाडी उचलली, शर्टाने पुसली आणि रूमवर निघून गेला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शहरातल्या एका दुकानदाराला फोन केला तर त्याने गाडी न बघताच सांगितलं की दुरुस्ती वगैरे होत नाही, स्पीड कंट्रोलर आणि सर्वो दोन्ही नवीन टाका. किंमत ऐकली तर दोन महिन्यांच्या मेसच्या बिलाच्या जवळपास! म्हटलं, आता आपणच उघडायची. अणुविद्युत शाखेत तीन वर्षं काय नुसती जर्नलं उतरवायला घालवली?

रिमोट कंट्रोलवर काही मिळतंय का बघायला लायब्ररीत गेलो, आणि हाती लागलं टेस्लाचं चरित्र. कारण जगातलं पहिलं रेडिओ-नियंत्रित वाहन चालवून दाखवणारा माणूस हाच.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. हे गाव आज क्रोएशियात आहे, त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. घर सर्बियन. वडील चर्चमध्ये धर्मगुरू, आणि मुलानेही तेच व्हावं ही त्यांची इच्छा. आई शाळा शिकलेली नव्हती, पण घरकामाची लहानमोठी अवजारं स्वतः बनवायची. टेस्ला आपल्या शोधक बुद्धीचं श्रेय आयुष्यभर आईला देत राहिला. मोठा भाऊ घोड्याच्या अपघातात लहानपणीच गेला. पुढे शाळा संपता संपता टेस्लाला कॉलरा झाला आणि तो महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. मुलगा हातचा जातो की काय या भीतीने वडिलांनी इंजिनिअरिंगला पाठवायचं कबूल केलं. आपल्याकडे मुलांना जबरदस्तीने इंजिनिअरिंगला घालतात, तिथे बिचाऱ्याला त्यासाठी मरणाच्या दारात जावं लागलं!

१८७५ साली तो ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. पहिल्या वर्षी रात्रंदिवस अभ्यास, उत्तम निकाल. दुसऱ्या वर्षी वर्गात ग्राम पद्धतीचा डायनामो आणला गेला. तो मोटर म्हणून चालवताना कम्युटेटर आणि ब्रशच्या मध्ये ठिणग्या उडत होत्या. टेस्लाने विचारलं की हा कम्युटेटर काढूनच टाकला तर? प्राध्यापकांनी त्यावर संपूर्ण तास घेऊन ते कसं अशक्य आहे हे वर्गासमोर सिद्ध केलं. टेस्ला गप्प बसला, पण ती गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही. पुढे मात्र गडी घसरला. पत्ते, जुगार, शिष्यवृत्ती बंद, आणि शेवटी डिग्री न घेताच कॉलेज सुटलं. के.टी. लागली की जग बुडालं असं समजणाऱ्या माझ्या मित्रांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. पण जुगाराचा भाग अनुकरणीय नाही, हेही लक्षात घ्यावं.

त्या ठिणग्यांचं उत्तर सापडलं १८८२ मध्ये बुडापेस्टला. तिथे तो टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. एका संध्याकाळी मित्राबरोबर बागेत फिरताना त्याला एकदम फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली आणि काठीने मातीत आकृत्या काढून त्याने ती मित्राला समजावली. वेगवेगळ्या फेजचे ए.सी. प्रवाह वेगवेगळ्या वेटोळ्यांतून सोडले की क्षेत्रच गोल फिरतं आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. ना कम्युटेटर, ना ब्रश, ना ठिणगी. आज आपल्या विहिरीवरची थ्री फेज मोटर त्याच तत्त्वावर पाणी उपसते.

आता जी गोष्ट मला सर्वांत भावली ती सांगतो. टेस्लाची सुरुवातीची नोकरी ही शोध लावण्याची नव्हती, दुरुस्तीची होती! पॅरिसला एडिसनच्या युरोपातल्या कंपनीत तो लागला आणि बिघडलेली वीजकेंद्रं दुरुस्त करत हिंडू लागला. स्ट्रासबर्गच्या रेल्वे स्टेशनवर उद्घाटनाच्या वेळी, खुद्द जर्मन सम्राटासमोर, वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट होऊन भिंतीचा भाग उडाला होता. ते निस्तरायला १८८३ मध्ये टेस्लाला धाडलं. काम त्याने निभावलं, आणि तिथेच फावल्या वेळात आपली पहिली इंडक्शन मोटर बनवून फिरवून पाहिली. या कामाचा कबूल केलेला मोबदला मात्र मिळाला नाही, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात चार सेंट होते. तिथेही पहिली मर्दुमकी दुरुस्तीचीच. ओरेगॉन नावाच्या जहाजावरचे दिव्यांचे डायनामो बंद पडल्याने जहाज अडकून पडलं होतं. टेस्ला संध्याकाळी अवजारं घेऊन जहाजावर गेला, खलाशांच्या मदतीने रात्रभर खपून शॉर्ट झालेली आणि तुटलेली वेटोळी शोधली, आणि पहाटे डायनामो चालू करूनच खाली उतरला. एडिसन त्याच्यावर खूश झाला, पण पैशांवरून बिनसलं आणि सहाएक महिन्यांत टेस्लाने नोकरी सोडली. स्वतःची कंपनी काढली तर भागीदारांनी पेटंट ठेवून घेऊन त्यालाच बाहेर काढलं. १८८६-८७ च्या हिवाळ्यात हा माणूस न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रोज दोन डॉलर मजुरीवर खड्डे खणत होता. डोक्यात इंडक्शन मोटर आणि हातात कुदळ!

पुढचा भाग पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहे म्हणून भरभर सांगतो. १८८८ मध्ये पेटंट मिळाली, वेस्टिंगहाऊसने ती घेतली, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ए.सी.चे दिवे लागले आणि १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. आपल्याकडे १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज गेली, तीही याच घराण्यातली. वेस्टिंगहाऊस कंपनी अडचणीत आल्यावर टेस्लाने आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. मार्च १८९५ मध्ये त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. विमा नव्हता. सगळी यंत्रं, टिपणं, नमुने गेले. काही महिन्यांत त्याने दुसऱ्या जागेत पुन्हा मांडामांड केली, आणि त्याच नव्या प्रयोगशाळेतून ती होडी जन्माला आली.

त्याच सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडून विद्युतलहरी पाठवून घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखवली होती. म्हणजे तारेशिवाय दूरवर काहीतरी घडवता येतं हे ठाऊक झालं होतं. पण चालत्या वाहनाला पाहिजे तिकडे वळवायचं, ही पुढची पायरी होती. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात टेस्लाने पाण्याच्या हौदात साधारण चार फुटांची होडी सोडली. हातात एक छोटी पेटी. पेटीवरचा दांडा हलवला की होडी वळायची, थांबायची, दिवे उघडझाप करायची. बघणाऱ्यांना काही कळेना. कुणी म्हणे आत शिकवलेलं माकड आहे, कुणी म्हणे हा मनाने होडी चालवतो. टेस्लाही बेरका. तो लोकांना प्रश्न विचारायला लावायचा. कुणी चौसष्टचं घनमूळ विचारलं की होडीचा दिवा चार वेळा लागायचा!

आता आतली गंमत बघा. त्या वेळी ट्रान्झिस्टर सोडाच, व्हॅक्यूम ट्यूबही नव्हती. टेस्लाने वापरला कोहिअरर. म्हणजे एका नळीत धातूचे बारीक कण. एरवी त्यांचा रेझिस्टन्स प्रचंड, पण रेडिओ लहर आली की कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि प्रवाह वाहू लागतो. त्याने रिले ओढला जातो. पण कण एकदा चिकटले की चिकटलेलेच राहतात, म्हणून प्रत्येक संदेशानंतर ती नळी उलटी करायची यंत्रणा त्याने होडीतच बसवली. आणि रिले तर फक्त चालू-बंद जाणतो, मग डावं-उजवं कसं कळणार? त्यासाठी एक चकती. प्रत्येक संदेशाला ती एक घर पुढे सरकायची. एका घरात सुकाणू डावीकडे, पुढच्या घरात सरळ, त्याच्या पुढच्या घरात उजवीकडे. बॉलपेनच्या खटक्यासारखं, दाब तोच, पण परिणाम पाळीपाळीने वेगळा. ८ नोव्हेंबर १८९८ ला त्याला या शोधाचं पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९.

हे वाचता वाचता मी वहीवर होडीचा ब्लॉक डायग्राम काढला. बॅटरी, रिसीव्हर, रिले आणि चकती, सुकाणूची मोटर, पंख्याची मोटर. शेजारी आमच्या गाडीचा काढला. बॅटरी, रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर, स्टिअरिंगचा सर्वो, चाकांची मोटर. अहो, चित्र तेच! फरक एवढाच की आज संदेश २.४ गिगाहर्ट्झवर येतो आणि चकतीच्या जागी पल्सची रुंदी असते. दर वीस मिलिसेकंदांना एक पल्स. दीड मिलिसेकंदाची असेल तर चाकं सरळ, एक मिलिसेकंदाला एका टोकाला, दोनला दुसऱ्या टोकाला. मग आंधळेपणाने नवीन पार्ट टाकायचे कशाला? एकेक चौकोन तपासत जायचं.

मल्टिमीटर घेतला. बॅटरी ठीक, ७.९ व्होल्ट. स्पीड कंट्रोलरमधून रिसीव्हरला पाच व्होल्ट मिळायला हवेत, तिथे शून्य. रिसीव्हरला वेगळे चार पेन्सिल सेल जोडले तर त्याचा दिवा लागला. चला, म्हणजे रिसीव्हर जिवंत आहे. कंट्रोलर उघडला तर पाच व्होल्ट देणारा छोटा रेग्युलेटर काळा पडून तडकलेला. बोर्डावरचा चिखल आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केला, जळलेला रेग्युलेटर काढला आणि त्या जागी वायरी काढून आपला नेहमीचा ७८०५ जोडला, दोन कपॅसिटर सकट. पाच व्होल्ट बरोबर आले. बॅटरी लावली, दिवा लागला, मोटर फिरली. मी रूममध्ये एकटाच नाचलो.

दोन मिनिटांत पुन्हा सगळं बंद. ७८०५ ला हात लावला तर बोटाला फोड आला. शिव्या घालत झोपायला गेलो. पण पाचेक मिनिटांनी सहज बॅटरी लावली तर गाडी पुन्हा चालू! आणि दोन मिनिटांनी पुन्हा बंद. डोकं चालेना, म्हणून उरलेलं चरित्र हातात घेतलं.

१८९९ साली टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला होता. तिथे प्रचंड कॉईल बांधून त्याने कृत्रिम वीज पाडली, लखलखाट, गडगडाट. आणि एका रात्री अचानक सगळं थंडावलं. गावाला वीज देणाऱ्या कंपनीचा जनरेटर त्याच्या प्रयोगाने जाळला होता. मग टेस्लालाच माणसं लावून तो दुरुस्त करून द्यावा लागला, अशी हकीकत सांगतात. मी ते वाचून थबकलो. जनरेटर जळाला, पण दोष जनरेटरमध्ये नव्हता. दोष समोर जे जोडलं होतं त्यात होता!

ताडकन उठलो. ७८०५ खराब नव्हताच. फार तापला की तो स्वतःला बंद करून घेतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो. डेटाशीटमध्ये हे आहे, ओरलला मी हेच उत्तर दिलं होतं. म्हणजे कुणीतरी त्याच्याकडून भरमसाट करंट ओढत होतं. सर्वोची पिन काढली, तर रेग्युलेटर गार. सर्वोच्या वायरीत मीटर लावला, तर चाकं हलत नसताना जवळजवळ एक अँपिअर. हिशेब साधा आहे. ७.९ मधून ५ गेले की २.९ व्होल्ट, गुणिले एक अँपिअर, म्हणजे जवळपास तीन वॅटची उष्णता. हीट सिंकशिवाय ७८०५ दर वॅटला सुमारे ६५ अंशांनी तापतो. माझं बोट भाजणार नाही तर काय!

सर्वो उघडला. आत नायलॉनच्या दात्यांमध्ये एक वाळूचा खडा अडकलेला आणि एक दाता मोडलेला. चाकं वळत नव्हती, आणि सर्वोची मोटर बिचारी वळवायचा प्रयत्न सोडत नव्हती. मूळ रेग्युलेटरही त्यानेच गेला. पाण्याने नव्हे, त्या खड्याने. नुसता रेग्युलेटर बदलून गाडी परत दिली असती तर ती पोराच्या हातात दुसऱ्यांदा मेली असती. रोबोटिक्स क्लबच्या भंगार डब्यात त्याच मॉडेलचा जुना सर्वो सापडला, त्याचं चाक काढून बसवलं. ७८०५ ला जुन्या पॉवर सप्लायचा हीट सिंक लावला. सगळा खर्च चहासकट पन्नास रुपयांच्या आत.

टेस्लाच्या गोष्टीचा शेवट मात्र इतका गोड नाही. होडीचं अमेरिकन नौदलाने काही केलं नाही. दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम आल्या तरच यंत्र हलेल, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते चालवता येणार नाही, अशी पेटंटही त्याला १९०३ मध्ये मिळाली, पण काळ त्याच्या मागेच राहिला. बिनतारी संदेश आणि वीज जगभर पाठवायचा वॉर्डनक्लिफचा मनोरा मॉर्गनच्या पैशांतून उभा राहू लागला, पैसे आटले, आणि १९१७ मध्ये तो पाडून टाकला गेला. म्हातारपणी तो हॉटेलांच्या बिलांत बुडाला, कबुतरांना दाणे घालत एकटाच राहिला. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत तो गेला. त्यानंतर काही महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेडिओवरच्या मार्कोनीच्या एका महत्त्वाच्या पेटंटमधले दावे रद्द ठरवले, आणि ते ठरवताना टेस्लाच्या आधीच्या कामाचीही दखल घेतली. १९६० मध्ये त्याचं नाव एककाला मिळालं. तेच ते, एक मार्कवालं.

गाडी परत द्यायला गेलो तेव्हा त्या मुलाला सगळं खरं सांगितलं. चूक माझी, खडा कुठे होता, पहिल्यांदा मी कसा फसलो, सगळं. त्याने गाडी उघडून आतला ७८०५ बघितला आणि पहिल्यांदाच हसला. मग मैदानावर जाऊन त्याने गाडी चालवली, मी बाजूला उभा राहिलो. रिमोट मागितला नाही. जाताना त्याने विचारलं की हे उघडायला मलाही शिकवाल का दादा. आता दर रविवारी आम्ही दोघं बसतो. सोल्डरिंग त्याचं माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

तो जळका रेग्युलेटर काडेपेटीत घालून मी टेबलावर ठेवला आहे. तुमच्याही रूमवर काही बंद पडलेलं असेल तर फेकून देण्याआधी घेऊन या. फक्त बॅटरी काढून आणा, लिथियम-पॉलिमरची असेल आणि फुगली असेल तर तिला उघडायच्या भानगडीत पडू नका. आणि काय बदलायचं ते विचारण्याआधी, ते का जळालं हे आपण दोघं मिळून शोधू.